घडीवरचा थांबा

मुंबईच्या ट्रामचा जुना नकाशा आज चौथ्यांदा विकत घेतला आणि चौथ्यांदा तेच भोक नशिबी आलं. खिशात मावावा म्हणून हा नकाशा घडी घालूनच विकला जायचा. उभी आणि आडवी घडी जिथं एकमेकींना छेदतात, नेमका तिथंच माझे वडील रोज ट्राम बदलायचे तो थांबा होता. वडील गेले, रूळही उखडले गेले. तो थांबा नेमका कुठं होता, एवढंच मला पाहायचंय. चारही प्रतींत तेवढाच कागद झिजून गेलाय!

मी रद्दीवाल्या चाचांवर वैतागलो, तर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, कुणी उघडलाच नसता तर शाबूत राहिला असता."

खरंच, कडेच्या ओसाड गल्ल्यांची नावं अजून करकरीत आहेत. मग आम्ही जुने नकाशे जमवणारे हौशी लोक जपतो तरी काय? कुणी न वापरलेलं शहर?

घरी बायको म्हणाली, "अहो, हा तरी सपाट ठेवा."

"ठेवतो, ठेवतो!" मी खेकसलो. पण खाली पाहिलं, तर बोलता बोलता माझ्याच हातांनी नकाशाची जुनी घडी घातली होती.