न ठेवलेला डबा

वर्ध्यात प्रफुलला ओळखणारा कोणीही सांगेल, की हा माणूस रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर जायलाही गाडी काढायचा. पायी भटकणाऱ्या लोकांना वाट दाखवायचं काम जगातून नेमकं त्याच्याच पदरात पडलं. आणि ते त्यानं खुर्चीत बसून केलं.

मूळचा वर्ध्याजवळच्या आंजी गावचा. वडील बंडूजींचं तिथं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाशीसुद्धा जेवढ्यास तेवढं बोलणारे गृहस्थ. घरातल्या बोलण्याचा सगळा वाटा मुलानं उचलला होता. नागपूरला कॉम्प्युटरचं शिक्षण झालं, पुण्याला एका कंपनीत लागला आणि वर्ष उलटायच्या आत परत आला. का आला याचं कारण ऐकणारा बघून बदलायचं. नातेवाइकांना सांगे, पुण्याचं पाणी मानवलं नाही. मित्रांना सांगे, साहेबाशी पटलं नाही. मला कामावर ठेवताना म्हणाला, "रक्षा, आपल्या मातीसाठी काही करायचं आहे." माती त्यानं गाडीच्या टायरला लागलेलीच पाहिली असेल.

हे २००६ सालचं. बियाण्यांच्या दुकानावर एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि दारावर 'इंटरनॅशनल' शब्द असलेली पाटी, असं आमचं ऑफिस होतं. लोडशेडिंगच्या दिवसांत इन्व्हर्टर आधी माझ्या कॉम्प्युटरला दगा द्यायचा. प्रफुलभाऊंचा सुरू राहायचा, कारण त्यांनी वायर तशीच जोडून घेतली होती.

काम हॉलंडच्या यान नावाच्या माणसाचं होतं. त्याची एक साइट होती, डबे शोधायच्या खेळाची. कोणीतरी रानात, पुलाखाली, टेकडीवर एक छोटा डबा लपवायचा, आत एखादं खेळणं, एखादी चिठ्ठी ठेवायची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकायचे. दुसऱ्यानं हातात जीपीएसचं यंत्र घेऊन तो शोधायचा, डबा होता तसा परत ठेवायचा आणि साइटवर येऊन 'सापडला' असं लिहायचं. बस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "अन् मिळते काय त्याले?"

"आनंद," प्रफुल म्हणाला. "तुले नाई समजायचं."

खेळ काहीही असो, साइटवर डबा शोधणं रानात शोधण्यापेक्षा अवघड होतं, हे खरं. देश निवडायचा, मग नाव टाइप करायचं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं की उत्तर 'काही नाही'. ती शोधव्यवस्था सुधारायचं काम यानने आम्हाला दिलं होतं. आणि आता कबूल करायलाच हवं, की प्रफुलच्या डोक्यात त्या बाबतीत उजेड होता. त्याच्या स्वतःच्या नावाचं स्पेलिंग डिग्रीवर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि गाडीच्या कागदांवर तिसरं होतं. त्यामुळे चुकलेल्या स्पेलिंगलाही बरोबर उत्तर मिळालं पाहिजे, हे त्याला न सांगता कळलं. तुम्ही उभे आहात तिथून सर्वांत जवळचा डबा आधी दिसावा, हेही त्यानंच बसवलं. प्रोग्राम आम्ही दोघांनी लिहिला. तो चालला. यान खूश झाला. शहाण्या माणसानं इथं थांबून पेढे वाटले असते.

पण यानने एक अट घातली. ज्यानं स्वतः डबा लपवला नाही, त्याला शोधणाऱ्याचं मन कळणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तुमच्या भागात एक डबा लपवा, असं त्यानं लिहिलं आणि त्यासाठी एक पिवळं जीपीएस यंत्रही कुरियरनं पाठवलं. प्रफुलनं ते यंत्र हातात घेऊन फोटो काढला, आंजीच्या चुलतभावांना दाखवला आणि यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं.

मग त्यानं कॉम्प्युटरवर उपग्रहाचा नकाशा उघडला. तेव्हा आपला भाग त्यात धूसरच दिसायचा. हिंगणीकडचं बोर धरणाचं पाणी ओळखू आलं, त्याच्या पलीकडच्या काठाला एक काळा ठिपका दिसला. "हे मोठं झाड असंन," म्हणत त्यानं ठिपक्यावर क्लिक केलं, आकडे उतरवले आणि वर्णन लिहायला बसला. निळ्याशार पाण्याकाठी, प्राचीन वृक्षाच्या बुंध्याशी, स्टीलच्या डब्यात एक सुंदर भेट तुमची वाट पाहते आहे, असं काहीसं लिहून त्यानं ते साइटवर टाकलंही.

"प्रफुलभाऊ, डबा कवा ठेवाले जायचं?" मी विचारलं.

"जाऊ ना. पुढच्या रविवारी."

रविवार येत गेले. तो झोपत गेला.

पुढचं सगळं त्याच्याच हुशारीनं घडलं. ज्या डब्याला अजून कोणीच हात लावलेला नाही, तो पहिल्यांदा शोधण्याची या खेळातल्या लोकांना भारी हौस, हे त्यानं हेरलं. म्हणून शोधात एक नवी सोय केली: कोणालाच न सापडलेले डबे सर्वांत वर, शेजारी सोनेरी तारा. लोकांना ती सोय फार आवडली. तारा दिसला की माणसं धावायची, डबा सापडायचा, तारा जायचा, डबा खाली उतरायचा. एकच डबा खाली उतरेना. जो ठेवलाच नव्हता तो कोणाला सापडणार? हिंगणीचा डबा तारा लावून भारतातल्या सगळ्या डब्यांच्या डोक्यावर बसला.

पुण्याचं एक जोडपं बोरच्या जंगलात वाघ बघायला आलं होतं, ते आधी डबा शोधायला गेलं. 'सापडला नाही,' त्यांनी लिहिलं. सेवाग्रामला राहायला आलेला एक जर्मन विद्यार्थी गेला. 'दिवसभर शोधलं, सापडला नाही.' लपवणाऱ्यानं अशा वेळी जाऊन बघावं असा रिवाज होता. प्रफुलनं जाऊन बघितलं नाही. त्यानं लिहिलं, 'नीट शोधा. इशारा: दगडांच्या मागे.'

"दगड हायेत तिथं?" मी विचारलं.

"अवं, झाडाखाली दगड असतेतच."

त्या एका वाक्यासाठी मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

थंडीच्या दिवसांत एक म्हातारा आणि त्याची बायको आमच्या जिन्यावरून वर आले. गोमाजी आणि धुरपताबाई. धरणापलीकडं जंगलाच्या कडेला त्यांचं शेत आणि घर होतं. घरात गोंडी बोलणारी माणसं. आपसात दोन शब्द त्या भाषेत बोलले, मग गोमाजींनी खिशातून एक घडी घातलेला छापील कागद काढून टेबलावर पसरला. आमच्याच साइटचा तो कागद. नागपूरची चार पोरं शेतात विसरून गेली होती. खाली लिहिलं होतं: लपवणारा, प्रफुल, वर्धा. कोणाकडून तरी नाव वाचून घेऊन, पत्ता विचारत विचारत दोघं इथवर पोचले होते.

"हे तुमीच काय?" गोमाजींनी विचारलं.

प्रफुलला वाटलं नवं गिऱ्हाईक आलं. "हो हो, मीच. बसा ना."

"बसाले नाई आलो. तुमचा डबा घेऊन जा."

धुरपताबाई उभ्या उभ्याच बोलायला लागल्या. "बाबू, ऐनाच्या झाडाखाली आमचे देव हायेत. मोठ्या देवाचे दगडं हायेत. पयले लोकं आले, तुरीतून हिंडले, गेले. आमी म्हनलं, जाऊ दे, शहरातले हायेत. पन थ्या चार पोट्ट्यायनं दगडं उपटले, देव आडवे पाडले, खाली खड्डा केला. काऊन केला म्हनलं, तं हा कागद दाखवते. म्हने, दगडामांगं डबा हाय असं लिवलं हाय."

"तं सांगा," गोमाजी म्हणाले, "कुठं हाय थो डबा? आमाले नाई दिसला."

प्रफुलनं पाणी प्यायलं. मग म्हणाला, "चोरला असंन कोणी."

"तुमी ठेवाले कवा आलते?"

"ते... मागच्या वर्षी."

"कोन्या वाटेनं आलते?"

त्याला वाट माहीत नव्हती. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कॉम्प्युटरकडं बघितलं. खोटं बोलायला मदत करायची माझी नोकरी नव्हती.

"डबा नाई," शेवटी तो पुटपुटला. "ठेवलाच नाई."

धुरपताबाई आधी हसल्या. त्यांना तो विनोद वाटला असावा. मग त्यांच्या लक्षात आलं. "ठेवलाच नाई? मंग इतके लोकं काय शोधून राह्यले होते आमच्या देवापाशी?"

गोमाजी म्हणाले, "उद्या येजो. गाडी अलीकडंच राह्यते, पायी येजो. देव उभे करा लागते, अन् ज्याच्या पायी पडले थो हजर पायजे." त्यांच्या बोलण्यातून 'तुमी' गेलं होतं.

गेला नसता तो. पण गोमाजी जाताना खाली बियाण्यांच्या दुकानात सगळं सांगून गेले आणि संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर प्रफुलची कथा चवीनं सुरू झाली. अब्रूला तो फार जपायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं ड्रॉवरमधलं पिवळं यंत्र काढलं आणि मलाही बरोबर चल म्हणाला. वाटेत कोणी शिव्या दिल्या तर बाईमाणूस सोबत असलेलं बरं, हा त्याचा हिशेब.

धरणाच्या अलीकडं गाडी ठेवली. गोमाजी घ्यायला आलेले. प्रफुलनं यंत्र सुरू केलं आणि ऐटीत बाणाच्या दिशेनं चालायला लागला. बाण सरळ पाण्यात जात होता. आम्ही बसवलेला 'सर्वांत जवळचा' डबा हा असा जवळचा होता, सरळ रेषेत, मध्ये अख्खं धरण. तो काठावर थबकला.

"तुहा बाण मासोईसाठी हाय काय?" गोमाजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वळून चालू लागले.

वळसा लांबचा होता. गोटे, काटे, वाळलेले ओढे. प्रफुलच्या पायात ऑफिसचे चकचकीत बूट. पहिल्या चढावर तो पुण्याच्या कंपनीबद्दल बोलत होता, दुसऱ्या चढावर नुसता धापा टाकत होता. एका ठिकाणी खाली बसला आणि म्हणाला, "बाबाजी, गाडी नाही येत काय इथं?" गोमाजी थांबलेसुद्धा नाहीत. मग तो उठला. एवढं म्हणते, की तो उठला.

उपग्रहातला काळा ठिपका म्हणजे ते ऐनाचं झाड. त्याखाली खड्डा आणि आडवे पडलेले दगड. भोवती गोमाजींच्या नात्यातली पाचसात माणसं उभी. प्रफुल वाकून एक दगड उचलायला गेला.

"हात नोको लावू," धुरपताबाई ओरडल्या. "तू नुसता उभा राह्य. पाह्य."

तो उभा राहिला. गोमाजींनी खड्डा बुजवला, दगड धुतले, एकेक करून उभे केले, त्यांच्या भाषेत कितीतरी वेळ काहीतरी म्हणत राहिले. आम्हाला त्यातला शब्द कळला नाही. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. प्रफुलकडं कोणी बघतच नव्हतं, आणि मला वाटतं तेच त्याला सोसेना. आयुष्यात पहिल्यांदा तो सगळ्यांच्या मध्ये उभा होता आणि त्याला बोलायचं नव्हतं. त्याचे डोळे लाल झालेले मी पाहिले. "धूळ हाय," तो मला म्हणाला. असेलही. निघताना धुरपताबाईंनी आम्हा दोघांना पाणी दिलं.

परतताना गाडीत त्यानं पुण्याच्या कंपनीचं नावसुद्धा काढलं नाही. मला वाटलं, हा माणूस बदलला. मूर्खपणा माझा.

सकाळी त्यानं तो डबा साइटवरून काढला. काढताना कारण लिहावं लागायचं, पण चार शब्द लिहून लपवणारा मोकळा होऊ शकत होता. प्रफुलनं लिहिलं: 'स्थानिक गावकऱ्यांनी डबा नष्ट केला. शोधणाऱ्यांनी या भागात जाणं धोक्याचं आहे.'

मी ते दोनदा वाचलं. "प्रफुलभाऊ, हे काय लिवलं?"

"अवं, यानला काय सांगू? ठेवलाच नाई म्हणून? काम जाईन आपलं."

"त्या मावशीनं काल पाणी देल्लं आपल्याले."

"त्यायले इंग्रजी कुठं वाचता येते?" तो म्हणाला, आणि यंत्र परत ड्रॉवरमध्ये टाकलं.

मला येत होतं. त्याच दुपारी मी यानला खरं काय ते लिहिलं, माझ्या नावानं. गोमाजींचं आणि धुरपताबाईंचं नाव लिहिलं, देवांबद्दल लिहिलं, धोका कोणापासून कोणाला झाला तेही लिहिलं. यानचं उत्तर लवकर आलं. त्यानं प्रफुलचं वाक्य पुसून त्या जागी माफी टाकली. ताऱ्याची सोय काढली नाही, पण ज्याची जमीन त्याला विचारल्याशिवाय डबा लपवायचा नाही, असा नियम केला. आमचं काम थांबवलं. माझंही, अर्थात. मीही त्याच खोलीत बसत होते.

प्रफुलनं गावभर सांगितलं की रक्षानं पाठीत सुरा खुपसला. पाटी उतरली. मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले. तो आंजीला जाऊन वडिलांच्या दुकानात बसला आणि संध्याकाळी पोरांचे क्लास घ्यायला लागला. क्लासच्या फलकावर 'विदेशी कंपनीचा अनुभव' असं ठळक लिहिलं होतं.

२००९ साली त्याचं लग्न झालं. पत्रिका आली, आमच्याकडं भांडणानं पत्रिका थांबत नाही. गेले. मांडवात तो दहाबारा पाहुण्यांच्या घोळक्यात होता आणि त्यांना बोरच्या जंगलाची हकीकत सांगत होता. वाघाच्या रानातून, एकटा, अख्ख्या धरणाला वळसा घालून, पायी. सोबत कोणी म्हणजे कोणी नाही. पाहुणे आ वासून ऐकत होते. त्यानं मला पाहिलं आणि एक क्षणही न अडखळता पुढं बोलत राहिला. या माणसाच्या बाकी कशाला नाही, तरी याला दाद द्यावी लागेल.

मी जेवायला बसले तेव्हा बंडूजी वाढायला आले. जिलबी वाढली आणि तिथंच थांबले. आवाज खाली आणून विचारलं, "बाई, तू होतीस ना त्याच्यासंगं? हा सांगते थे खरं हाय काय?"

अख्खी गोष्ट ओठांवर होती. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"पायी चालला होता," मी म्हटलं. "थे खरं हाय."

बंडूजींनी मान हलवली. "चालला होता," ते स्वतःशीच म्हणाले, माझ्या पानात न विचारता आणखी एक जिलबी टाकली आणि पुढच्या पंगतीकडं गेले.