मावशीचं वाळलेलं लेकरू

बबन बरा आहे, असं आमच्या मावशीच्या तोंडून कोणी ऐकलं असेल तर त्याला मी पुरणपोळी घालीन. तिचा पोरगा चांगला गुटगुटीत. पण कोणी विचारलं की हिचं ठरलेलं, "लई वाळलंय हो लेकरू. घासच उतरत नाय त्याला." तेव्हा बबन मागे बसून तिसरी भाकरी मोडत असायचा.

मावशी पिशोरची. लेकराला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे ती माहेराहून घेऊन आली होती आणि उस्मानपुऱ्यात संसार थाटल्यावरही तिनं ते सोडलं नाही. मी शाळेसाठी तिच्याकडे राहायचे. मलाही तिनं गल्लीभर अशक्त करून ठेवलं होतं. ते कोणीतरी गावी सांगितलं, तर आई बिचारी रडत एसटीनं आली आणि मला बघून मावशीवर अशी चिडली की विचारू नका.

आमचे डॉक्टरसाहेब निजामाच्या काळात उर्दूतून डॉक्टरी शिकलेले. मावशीचं गाऱ्हाणं ते शांतपणे ऐकायचे. "बाई, तुमचं ऐकलं तर याला इथंच खाट टाकावी लागेल," म्हणायचे आणि एखादं गोड औषध द्यायचे. मावशी खुशीत घरी यायची.

एकदा बबन खरोखरच जेवेना. मावशी हबकली. आपणच रोज वाईट बोललो, तेच खरं झालं, असं तिच्या मनानं घेतलं. त्याला दवाखान्यात नेलं खरं, पण आता वाईट बोलायची तिची छाती होईना. साहेबांनी हसत विचारलं, "काय, वाळलं का लेकरू?"

"नाय साहेब. बरा हाय. जेवतो चांगला." मी शेजारीच होते. हे म्हणताना तिनं बबनला पदराआड ओढून घेतलं.

साहेबांचं हसू मावळलं. "बाई, तुम्ही बरा म्हणालात? इधर आ बेटा." त्यांनी बबनला खिडकीशी नेऊन पापणी खाली ओढली. डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ होती.

मावशी मटकन खाली बसली. "मीच बोलले हो, मीच."

"बोलण्यानं कावीळ होत नाही, पाण्यानं होते," साहेब म्हणाले. "उठा. वेळेवर आणलंत."

बबन त्यातून उठला. आता शेंद्र्याला कारखान्यात साहेब आहे. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. फोनवर कसा आहेस विचारलं की म्हणतो, "एकदम मस्त, ताई." मस्त म्हणे! आणि मला घोर लागतो. खोटं बोलून का होईना, त्याचं खरं कळवणारी एकच बाई होती.