पोटाचा पट्टा

घरातली भाकरी संपली की आई लुगड्याचा पदर पोटाभोवती करकचून आवळायची आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. पोट बांधलं की भूक कमी लागते, असं ती सांगायची.

काल आरशासमोर मी पोट कमी करायचा पट्टा आवळत होतो. पन्नाशीत शर्टाची बटणं ताणली जायला लागली, म्हणून आणलाय. आई दारात येऊन उभी राहिली.

“पोट कशाला बांधतोस रे? सूनबाईनं जेवायला नाही दिलं?”

“सुटलंय गं, आई. आत घ्यायचंय.”

ती आधी हसली. मग पट्टा बोटांनी ओढून बघत म्हणाली, “चिवट आहे. आमच्या वेळेला असा असता, तर लुगडी तरी फाटली नसती.”

मला कुणाचा राग आला, सांगता येणार नाही. हे पोट चैनीचं नाही. दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत बसायचं आणि रात्री मुलांनी ताटात टाकलेलंही संपवायचं, कारण फेकवत नाही. भूक कधीच गेली, तिची धास्ती मात्र अजून जेवते आहे.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या मुलांना ताटात टाकून उठता येतं. एवढं मी मिळवलं.