शिखराची तिरकस उंची

"कापड कुठे गेलं, बाई? पिशवी उलटी करा."

साहेब ओरडत होते. लोअर परळला, त्यांच्या टॉवरखाली, सोसायटीच्या गणपतीच्या मखरासमोर. शंभर माणसं जमली. शंभर कसली, नऊ-दहा असतील. पण मान खाली घातली की जगातले सगळे बूट आपल्याकडेच वळलेले दिसतात.

मी लालबागची. मखरांना कापड शिवते. भांडायला तोंड उघडलं की पुलावरच्या टॅक्सी थांबतात आणि चाळीतली मांजरं कोकणात पळतात. त्या दिवशी मात्र मी पिशवी उलटी केली. कात्री, टेप, दोऱ्याची रिळं, भेंडीचा डबा. डब्याचं झाकण तर मीच उघडून दाखवलं. ते कुणी मागितलंही नव्हतं. अजून भेंडी चिरताना ते झाकण आठवतं.

झालं असं. मखर बांबूचं. खाली चौकोनी खोका, वर पिरॅमिडसारखं शिखर. साहेब इंजिनिअर. माप त्यांनी कागदावर काढलं आणि हिंदमाताच्या कापडबाजारातून सोनेरी सॅटिन मोजून तेवढंच आणलं. शिखराचे चार त्रिकोण. प्रत्येकाचा पाया सहा फूट, उंची चार.

"कागदाप्रमाणे कापा. स्वतःचं डोकं चालवू नका."

घरी कात्री धरली तेव्हाच कळलं, पुरणार नाही. चार फूट ही आतली उंची, शेंड्यापासून ओळंब्यात सरळ खाली. कापड तर उतारावरून जातं. वीस वर्षं शिवतेय. हात सांगत होता. पण कागदावर इंग्रजी, आणि मी सातवी. गप्प बसले. कापलं. पिशवीपेक्षा त्या गप्प बसण्याची लाज जास्त आहे.

मखरावर चढवलं तेव्हा खोक्याचं कापड झकास बसलं. भिंती सरळ असल्या की कागद चुकत नाही. शिखराचे बांबू मात्र चारी बाजूंनी फूटभर उघडे.

"शिखराचा हिशोब अठ्ठेचाळीस चौरस फुटांचा आहे. तेवढं आणलं होतं. घरी शिवायला दिलं की या लोकांचं असंच."

या लोकांचं.

लादीवरच्या पसाऱ्यातून मी टेप उचलली. स्टुलावर चढले. एक टोक शेंड्याला धरलं, दुसरं उतारावरून पायाच्या मध्यावर आणलं.

"वाचा, साहेब."

त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "पाच."

"सहा पाचे तीस, निम्मे पंधरा, पंधरा चोक साठ. तुम्ही आतून मोजलंत. कापड बाहेरून बसतं."

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "बरं, गैरसमज झाला. उद्या कापड आणतो. मनावर घेऊ नका, चहा घ्या."

चहा आला. माझं सामान लादीवर तसंच. एरवी वाकून मुकाट भरलं असतं, वर हसलेही असते.

"यापुढे माप मी घेणार," मी म्हणाले. "आणि आधी ही पिशवी भरा. जशी होती तशी."