गुळगुळीत कागद

लिनोलियम हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो वर्ध्यात, सिव्हिल लाइन्समधल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्याची जमीन उखडत होते तेव्हा. साहेब केव्हाचाच विलायतेला गेला होता. बंगल्यात कुठलंसं सरकारी ऑफिस येणार होतं, आणि खोल्यांमधून अंथरलेला तो जाड, मेणचट, तपकिरी पट्टा मजूर बाहेर फेकत होते. आमच्या छापखान्याचा मशीनमन तिथून जात होता. त्याने दोन गुंडाळ्या सायकलला बांधून आणल्या आणि माझ्यापुढे टाकल्या.

"बाई, हे पाहा. लाकडापेक्षा नरम हाये. याच्यावर कोरून पाहा बरं."

मी कोरून पाहिलं, आणि पुढची काही वर्षं दुसरं काही केलंच नाही.

वर्ध्याला मी आले होते शिवण शिकायला. लग्नाला वर्ष होण्याआधी नवरा तापात गेला, सासरच्यांनी पांढऱ्या पायाची ठरवून माहेरी धाडलं, आणि माहेर म्हणजे कारंज्याचा माझा थोरला भाऊ. दादा वाईट नव्हता. पण विधवा बहीण घरात ठेवायची तर तिच्या हाताला काही काम हवं, म्हणून त्याने मला वर्ध्याच्या एका खादीच्या संस्थेत आणून सोडलं. बायकांचं वसतिगृह होतं, शिवणवर्ग होता. मी कापड बेतायच्या खडूने टेबलावर बैल काढत बसायची. एक दिवस संस्थेच्या मासिकाचे संपादक तिथून गेले आणि माझ्या बैलापाशी थबकले. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "याला वेसण घालायची राहिली, बेटा," आणि दुसऱ्या दिवसापासून मला छापखान्यात बसवलं.

मासिक कसलं, तर सूतकताई, खतखड्डा, पायखाना कसा बांधावा, असल्या लेखांचं. वाचणाऱ्याला झोप यावी असं. पण त्यात चित्रं माझी असायची, ठशावर कोरून छापलेली, आणि कुठलं चित्र पानावर कुठे बसवायचं, मजकुराभोवती किती जागा मोकळी सोडायची, हेही गुरुजींनी हळूहळू माझ्यावर सोडलं. कागद आमच्याच आवारात हाताने केलेला, चिंध्या कुजवून, कुटून. खरबरीत, जाडाभरडा, कुठे सुताचा धागा वर आलेला. मशीनमन आदल्या संध्याकाळी त्याचे ताव ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. याला तो कागदाले पाणी पाजणं म्हणायचा. न पाजलेल्या कागदावर शाई धड बसत नसे.

त्या कागदाने मला पहिले सहा महिने रडवलं. नाजूक रेघ कोरली की ती फुगायची. दोन रेघांमधली फट बुजून जायची. भरीव काळं छापलं की त्यात पांढरे ठिपके उठायचे. मी चिडून हत्यार फेकायची, मशीनमन उचलून आणून द्यायचा. मग एकदा माझ्या ध्यानात आलं, की याच्याशी भांडून उपयोग नाही, याच्याशी संसार करायला हवा. मी रेघा बारीक केल्या, फटी रुंद सोडल्या. चेहरे कोरणंच सोडून दिलं. कपाळाची एक खूण, हनुवटीची एक, बाकी कागद काय करतो ते करू दे म्हटलं. आणि कागदाने केलं! गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला नवस फेडायला चढणाऱ्या बायांचं मुखपृष्ठ होतं, दिवाळीच्या अंकाचं. काळ्या टेकडीत ते पांढरे ठिपके असे उठले, की ऊन तापलेलं दिसावं. आणि त्या बायांना मी न दिलेले चेहरे होते. धाग्यांनी, खळग्यांनी दिलेले. एकीच्या चेहऱ्यावर दमणूक, दुसरीच्या चेहऱ्यावर कसलीशी आशा. मशीनमनने पहिला ताव उचलला आणि नुसताच बघत राहिला. मला खरं सांगायचं तर नवऱ्याच्या घरी एक दिवस जितकं सुख मिळालं नाही तितकं त्या सकाळी मिळालं.

आणि नेमकं त्याच सुमाराला विश्वस्तांच्या डोक्यात आलं, की चित्रं म्हणजे चैन. देश उभा राहायचाय, लोकांना मजकूर द्या, बैल आणि बाया कशाला? नव्या वर्षापासून मासिक बिनचित्रांचं निघेल. म्हणजे मला काम उरणार नव्हतं. काम नाही तर वसतिगृहात खोली नाही, आणि खोली नाही तर कारंजा. दादाच्या स्वयंपाकघरातली एक फुकटची बाई. मी गुरुजींना म्हटलं, "मी विहिरीत उडी घालीन, पण तिकडे जाणार नाही." ते म्हणाले, "विहिरीचं पाणी लोक पितात, बेटा."

पण ते गप्प बसले नाहीत. नागपूरला मराठी मासिकांच्या, वर्तमानपत्रांच्या चित्रांचं आणि पानांच्या मांडणीचं प्रदर्शन भरणार होतं, पहिल्या येणाऱ्यांना बक्षिसं होती. परीक्षक मुंबईहून येणार होते. गुरुजींनी विश्वस्तांकडून कबूल करून घेतलं, की बक्षीस आलं तर चित्रं राहतील, आणि मीही राहीन. दिवाळी अंक पाठवायचा ठरला. मला झोप लागेना. मशीनमन म्हणाला, "बाई, काऊन घाबरता? आपल्या टेकडीसारखी टेकडी कोनापाशी हाये?"

तेवढ्यात कारंज्याहून निरोप आला, वहिनीला दिवस भरलेत, ये. गेले. पोरगी झाली. बाळंतिणीचं तेलपाणी, डिंकाचे लाडू, न्हाणं, सगळं मीच केलं. मनात मात्र टेकडी. परत आले तेव्हा अंक केव्हाच नागपूरला गेला होता आणि छापखान्यात सगळे माझ्याकडे बघून हसत होते, लग्नघरात नवरीकडे बघावं तसे.

"काय झालं?" मी म्हटलं.

"आता नाई सांगत," मशीनमन म्हणाला. "तिथंच पाहाजा. असा नटवून धाडला ना तुमचा अंक, आरशावानी चमकून राह्यला!"

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खाली बघून हसत होते. कठोर माणूस, हसायचा क्वचितच. मला वाटलं, बांधणी नवी केली असेल, खादीचं वेष्टन घातलं असेल. मी आपली खुशीत.

नागपूरला गुरुजी आणि मी सकाळच्या पॅसेंजरने गेलो. माझ्या पिशवीत दिवाळी अंकाची एक प्रत होती, अशीच, सोबत असावी म्हणून. मोठा हॉल होता, काचेची टेबलं, चांगल्या कपड्यांतली माणसं. मी आमचं टेबल शोधत निघाले आणि त्याच्यावरून दोनदा पुढे गेले. तिसऱ्यांदा गुरुजींनीच माझं कोपर धरून थांबवलं. "हे बघ."

काचेखाली माझी टेकडी होती. गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र, चकचकीत कागदावर.

काय सांगू! काळं नुसतं डांबरासारखं सपाट. एक ठिपका नाही, ऊन नाही. मी रुंद सोडलेल्या फटी दात पडलेल्या तोंडासारख्या उघड्या. जिथे हत्यार घसरलं होतं ती एकेक जागा चव्हाट्यावर आलेली. आणि बाया? कपाळाची एक खूण, हनुवटीची एक, आणि मध्ये नुसतं पांढरं. चेहरेच नव्हते. शिवणवर्गातल्या पोरीने कंटाळून काढावं तसं चित्र. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तेही म्हणवत नव्हतं, मारुतीला निदान तोंड असतं.

"आर्ट पेपर," गुरुजी हळूच म्हणाले. "मुद्दाम नागपूरहून मागवला. स्पर्धेपुरता अंक पुन्हा छापला. तुझं काम चांगल्या कागदावर लोकांनी बघावं, असं सगळ्यांच्याच मनात होतं."

या माणसाने जन्मात गिरणीचं धोतर नेसलं नव्हतं. गिरणीच्या कागदावर कधी पत्रसुद्धा लिहिलं नव्हतं. त्याने स्वतःचं व्रत मोडलं होतं, माझ्यासाठी. मी त्यांना काय बोलणार होते? मला ओरडावंसं वाटत होतं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते आणि तिथेच त्यांच्या अंगावर धावून जावंसंही वाटत होतं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. शेजारी एक कार्ड लावलेलं होतं, "ग्रामीण प्रयत्न, स्तुत्य." बक्षिसं आधीच लागली होती, फुलांचे हार घातलेले अंक पलीकडे होते.

एक परीक्षक तिथून जात होते. मला राहवलं नाही. मी पिशवीतून आमचा खरा अंक काढला आणि काचेवर ठेवला. त्यांनी आधी मान हलवली, बाई, निकाल झालाय म्हणून. मग त्यांची नजर खाली गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काळ्या टेकडीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"हे तुमचं?"

"हो."

"मग हे का नाही पाठवलंत?"

गुरुजी माझ्या शेजारीच उभे होते. माझ्याआधी तेच म्हणाले, "मी पाठवलं नाही."

परीक्षक म्हणाले, "अरेरे." खरंच मनापासून म्हणाले. पण काचेखाली आहे तेच बघायचं, असा नियम होता. पुढच्या खेपेला याच कागदावरचं पाठवा, म्हणाले. पुढची खेप! माझ्यापाशी पुढचा महिनासुद्धा नव्हता.

परतीच्या गाडीत गुरुजींनी तो अंक मांडीवर धरला होता. सेलू गेलं, वर्धा आलं. उतरताना अंक त्यांच्याच हातात राहिला. मी मागितला नाही. तेवढी एकच प्रत मी जपून ठेवली होती. कचेरीतल्या गठ्ठ्याला पुढे वाळवी लागली असं ऐकलं. गुरुजी त्यानंतर माझ्याशी नीट बोलू शकले नाहीत, आणि मी त्यांच्याशी. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथे देव आणि कर्म एकाच माणसाच्या रूपात आले होते, मग रागवायचं कोणावर?

नव्या वर्षात चित्रं बंद झाली. मी ट्रंक भरली. मोटारस्टँडवर मशीनमन एक जाड गुंडाळी घेऊन आला. त्याचे डोळे लाल होते. "बाई, ते चमकचे ताव उरले. तुमचीच चित्रं हायेत, टाकून कशी देऊ?" त्या बिचाऱ्याला अजूनही कळलं नव्हतं, की काय बिघडलं. त्याला वाटत होतं, मुंबईवाल्यांनी लबाडी केली. मी त्याला समजावलं नाही. गुंडाळी घेतली.

कारंज्यात वहिनीने ती उघडली आणि तिला फार आनंद झाला. "वा वा, किती गुळगुळीत! पुसता येते माय." तिने सगळे ताव स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरले, चित्रं वर करून, शोभेसाठी. तेव्हापासून माझ्या बाया डब्याबरण्यांखाली टेकडी चढताहेत. मी रोज त्यांच्यावरून तेलाची बरणी उचलते आणि ठेवते. हत्यारं ट्रंकेत होती, गंजली असतील. मी बघितलं नाही. शिकवायला बोलावलं असतं कुणी तर गेले असते, पण कोण बोलावतंय? हायवेवरच्या या गावात ट्रकमागची फुलं रंगवणाऱ्यालाच काय ती मागणी.

त्या वेळी झालेली पोरगी आता शाळेत जाऊ लागली आहे. तिला चित्रांचा नाद आहे, पाटीवर सारखी काही ना काही गिरवत असते. परवा मी फळी आवरत होते. ती पाटावर चढून बघत होती.

"आत्या, या बाया कोनं काढल्या?"

"का गं?"

"यायले चेहराच नाई. असं कोनी काढते का?"

मी तिच्याकडे पाहिलं. सांगावं की नाही, मनात आलं. सांगितलं असतं तर दाखवायला काय होतं माझ्यापाशी?

"असंल कोणी," मी म्हटलं. "ज्याले काढता येत नव्हतं."

मग एका बाईच्या अंगावर लोणच्याचा डाग पडला होता, तो मी ओल्या फडक्याने पुसला. लगेच निघाला. वहिनी म्हणते ते खरं आहे, हा कागद चांगला पुसला जातो.