आगवाली, पाणक्या आणि आमचा नच्या

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी वर्षभर भांडतेय.

आज नचिकेतला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून तीनदा सायकल बाहेर काढली, तीनदा परत लावली. जायचंय कुठे, तेच कळत नाहीये.

दोघंही नेदरलँड्समध्ये, तो लायडनला लॅबमध्ये, मी टिलबर्गला नोकरीत. दोघंही पुण्याचे, एकाच कॉलेजचे. दर रविवारी फोन चालू ठेवून आपापल्या घरी एकच फँटसी ॲनिमे बघायचो. तीन, दोन, एक, प्ले!

त्यात दोघं होते, गावाने बाहेर काढलेले.

एक मुलगी, हातातून आग काढणारी. वेशीचं दार जाळून आत शिरायची आणि म्हणायची, माझी जागा द्या.

दुसऱ्याला डोंगर हलवता यायचा. पण ते लपवून तो गावाचं पाणी भरायचा.

आम्ही त्यांना आगवाली आणि पाणक्या म्हणायचो. मी अर्थातच आगवालीच्या पार्टीत.

"बावळट आहे तुझा पाणक्या. एवढी पॉवर आणि बादल्या उचलतोय!"

"अगं, त्याला त्यांच्या शेकोटीपाशी बसायचंय. घाबरून दिलेली जागा आपली असते का?"

"आणि राबून मिळालेली असते?"

यावर नच्या नुसता हसायचा.

स्वतः तसाच होता ना! सगळ्यांचा अडलेला डेटा हा सोडवून देणार, पेपरवर नाव मागणार नाही. वीकेंडला कोणाचे सॅम्पल्स बघायचेत? नच्या आहे की!

मी चिडले की म्हणायचा, "आपलं मानतात गं मला."

मग एका सोमवारी त्याचा फोन आला. सोमवारी तो कधीच करायचा नाही.

"छातीत जरा जड वाटतंय गं."

"हाउसआर्ट्सना, तुझ्या फॅमिली डॉक्टरांना, दाखवलंस?"

"दाखवलं. कमी नाही झालं तर परत या म्हणाल्या. पण सारखं काय जायचं, उगाच त्रास."

पुण्यात असते तर तशीच स्कूटर काढली असती. दार बडवलं असतं, शिव्या घालत दवाखान्यात नेलं असतं.

इथे मी काय केलं? कॅलेंडर उघडलं.

"हा आठवडा पॅक आहे रे. रविवारी अकराला येऊ?"

इन्व्हाइट पाठवलं. त्याने लगेच ॲक्सेप्टही केलं.

गुरुवारी लॅबमधून फोन आला. हार्ट अटॅक.

तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटलेय, त्याने कधी कोणाकडे काही मागितलंच नाही, मूर्ख कुठला.

खोटं आहे ते.

सोमवारी त्याने फोन केला होता. मलाच केला होता. आणि मी त्याला रविवार दिला.

माफ कर, नच्या. नीट जा रे.