काय सांडलं?

थोंगयंग बंदरात मला, म्हणजे प्यो गिल्सूला, लोक 'दारांचे डॉक्टर' म्हणतात. ही पदवी मीच मला दिली, पाटीवर रंगवली, आणि तीस वर्षं वाचून वाचून लोकांचाही नाइलाज झाला. गाडीची काच अडकली किंवा कुलूप रुसलं, एवढंच काम मी घेतो. इंजिनातलं मला फारसं कळत नाही. ते पाटीवर लिहिलेलं नाही.

माझी सगळी डॉक्टरकी एका प्रश्नात मावते: "काय सांडलं?" ड्रायव्हरच्या दारावर बटणांची पेटी असते, काचा आणि कुलपं तिच्याच हुकमात. दहातल्या सात गाड्यांत तिच्यात कॉफी गेलेली असते. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "काही सांडलं नाही हो!" मग मी पेटी उघडून साखर दाखवतो आणि म्हणतो, "ही काय मुंग्यांनी आणून ठेवली?" हा विनोद मी इतक्यांदा केलाय, की बायको आतल्या खोलीतून तो माझ्याआधी पुरा करते.

या ऑगस्टमध्ये माझ्याच मुलीची गाडी बिघडली. हारिमला गावोगाव फिरणाऱ्या नर्सची नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. गाडी जुनीच, पण मी पसंत केलेली. घेऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच चारही काचा वर अडकल्या आणि कुलपं मनाला येईल तेव्हा खट्कन लागायला लागली.

"बाबा, डोंगरातल्या गावात औषधं आत आणि मी बाहेर, असं झालं तर?" हारिम म्हणाली. "रविवारी दुपारपर्यंत बघा. नाहीतर समोर देते."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं कॉम्प्युटरवालं गॅरेज. लेकीची गाडी माझ्या पाटीखालून निघून तिकडे जाणार, हे मला बघवणार नव्हतं.

गुरुवारी फ्यूज पाहिले. ठीक. शुक्रवारी दाराजवळच्या रबरी नळीतल्या तारा पाहिल्या, दार उघडून-मिटून त्या तुटतात. एकही तुटली नव्हती. शनिवारी मोटरला थेट बॅटरी जोडली, तर काच शहाण्यासारखी खाली-वर झाली. रविवारी सकाळी ठरवलं, कुलपाचा आवाज नेमका कुठून येतो ते आत बसून ऐकावं. मासळीबाजाराचा गलका नको म्हणून दार ओढून घेतलं. खट्!

पुढच्या दोन्ही दारांच्या आतल्या मुठी मीच काढून टेबलावर ठेवल्या होत्या. मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं कुलूप लावलेलं. फोनही टेबलावरच, आणि चावी माझ्या खिशात. दारांचे डॉक्टर दारांच्या आत.

शेजारी भाताच्या गुंडाळ्या विकणाऱ्या दोक्सुन मावशी काचेला नाक लावून म्हणाल्या, "काय डॉक्टर, पेशंटनं गिळलं वाटतं?"

"मावशी, हसू नका! हारिमला फोन करा, दुसरी चावी तिच्याकडे आहे!"

"करते हो. आधी बाजारातल्या बायांना बोलावते, असं रोज बघायला मिळत नाही."

सात-आठ बाया जमल्या. त्यांच्याकडे बघणं नको म्हणून मी बटणांची पेटी दारातून काढून मांडीवर घेतली आणि स्क्रू काढायला लागलो. ही पेटी मी चार दिवसांत उघडलीच नव्हती. आत तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर, आणि त्यावर वाळलेल्या पेजेसारखी पांढरी खपली. उन्हात तापलेल्या गाडीत आंबट वास दरवळला. कॉफीचा नव्हता. माकॉलीचा होता, आमच्या तांदळाच्या दारूचा.

मग आठवलं. गाडी घेतली त्या दिवशीची पूजा. सुकी मासळी दोऱ्यात गुंडाळून डिकीत ठेवायची आणि चारही चाकांवर माकॉली ओतायची, एवढाच रिवाज. दोन वाट्या माझ्याही पोटात गेल्या होत्या. चाकांचं झालं, मग डॉक्टरांना वाटलं, आपल्या दारांनाच का उपाशी ठेवायचं? उघड्या खिडकीतून पाचवी वाटी मी दारावर पालथी केली. काखेत कळसा, आणि चार दिवस गावाला वळसा.

हारिमनं चावीनं दार उघडलं. मी घामानं निथळत पेटी पाठीमागे लपवली.

"जुनी झाली होती गं पेटी. भंगारातल्या गाडीची आहे माझ्याकडे, अर्ध्या तासात बसवतो."

तिनं वास घेतला. "बाबा, ओतताना मी बघितलं होतं."

"मग चार दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही जगाला विचारता, काय सांडलं. मला विचारलंत?"

बायांनी 'अगं बाई' केलं.

"आणि त्या दिवशी का नाही थांबवलंस?"

"कसं थांबवू? तुम्ही रडत होतात." ती हळू आवाजात म्हणाली. "दारावर हात ठेवून म्हणत होतात, माझ्या पोरीला कुठंही दार बंद मिळू नये."

मला यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. दोक्सुन मावशींनी बायांना हाकललं आणि न मागता पाण्याचा ग्लास आणून दिला. मला फार लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

दुसरी पेटी बसवली. सोमवारी सकाळी हारिम चारही काचा खाली करून गेली, वळणापर्यंत तिचा हात बाहेर दिसत होता.

परवा एका कोळ्याची गाडी आली. "काय सांडलं?" मी विचारलं. "काही सांडलं नाही हो," तो म्हणाला. आतून बायको मुंग्यांचं वाक्य सुरू करणार होती. मी तिला हातानं थांबवलं आणि त्याला म्हटलं, "बसा. आठवेल सावकाश."